झिल्लीतला मॉनिटर

गडचांदुरात कोणाला नवीन वस्तू घ्यायची झाली की तो आधी दुकानात जात नाही, देवाजी निमगडेकडे सल्ल्याला जातो. असं देवाजी म्हणतो. खरी गोष्ट अशी की लोक बिचारे दुकानातून वस्तू घेऊन आपल्या घरी चाललेले असतात आणि देवाजी त्यांना रस्त्यात गाठतो. खोक्यावर बोटाने टकटक करतो, मान तिरपी करतो आणि विचारतो, "कितीले बसला?" समोरच्याने काहीही सांगितलं तरी देवाजीच्या तोंडून एकच आवाज निघतो, "च्यक्." एवढ्या एका च्यकने गावातल्या कित्येक मिक्सरांची, पंख्यांची आणि एका नव्याकोऱ्या मोटरसायकलीची मजा घालवली आहे. त्या मोटरसायकलवाल्याने तर पुढे घरी जायचा रस्ताच बदलला.

देवाजीची सारी नोकरी झाली सिमेंटच्या फॅक्टरीत, पॅकिंगला. पोतं नीट शिवलंय की नाही, कुठे फाटलंय का, एवढं बघायचं आणि पुढे ढकलायचं. आयुष्यभर हेच केल्यामुळे त्याच्या डोक्यात एक गोष्ट सिमेंटसारखीच घट्ट बसली. माल चांगला कोणता, तर न उघडलेला. पोतं शिवलेलं आहे तोवर आतल्या सिमेंटची इज्जत. एकदा फुटलं की ती नुसती धूळ. निवृत्त झाल्यावर फॅक्टरीने त्याला शाल दिली, नारळ दिला. नारळ फोडला त्याच्या बायकोने, केसरबाईने, म्हणून फुटला. शाल अजून आली त्याच झिल्लीत आहे.

झिल्ली म्हणजे प्लास्टिकचं ते पातळ आवरण, जे नव्या वस्तूवर चिकटून येतं आणि शहाणी माणसं घरी आल्या आल्या टराटरा काढून फेकतात. देवाजीच्या घरात ती फेकली जात नाही. सोफ्यावर झिल्ली आहे. उन्हाळ्यात त्यावर पाहुणा बसला की उठताना असा आवाज होतो की बिचारा ओशाळून पुन्हा बसतो. रिमोट झिल्लीत, कूलरची जाळी झिल्लीत, फ्रिजच्या दारावर कंपनीने चिकटवलेली चिठ्ठी तशीच. पंख्याच्या पात्यांवरची झिल्ली एका कोपऱ्यातून सुटली आहे, त्यामुळे पंखा फिरताना दिवसभर फडफड करतो आणि नवीन माणसाला वाटतं की घरात कबुतर शिरलं. कोणी विचारलं तर देवाजीचं उत्तर तयार असतं. "गडचांदूरची धूळ माहीत हाय का? झिल्ली काढली का वस्तू गेली."

धूळ आहे, नाही असं नाही. पण तीच धूळ शेजारच्यांच्या घरीही येते, आणि ते लोक ओल्या फडक्याने पुसून मोकळे होतात.

त्या घरात बिनझिल्लीची गोष्ट एकच होती, केसरबाईची जीभ. ती म्हणायची, "माह्या लग्नात यायनं मलेही झिल्लीतच आनलं असतं. बापानं देली नाई म्हनून वाचली."

तर अशा या घरात रश्मी वाढली. एकुलती एक. चंद्रपूरला फोटो-एडिटिंगचा कोर्स करून आली होती आणि घरीच लहानसहान कामं करायची: कोणाच्या पासपोर्ट फोटोमागची भिंत पांढरी कर, कोणाच्या आजोबांच्या फाटक्या फोटोला कान लाव. त्याशिवाय देवाजीची सगळी कामं तिच्याच अंगावर. फोनमधला मेसेज वाचून दाखवणं, गॅसचा नंबर लावणं, टीव्हीचा रिचार्ज, पेन्शनसाठी वर्षाकाठी हयातीचा दाखला. सगळ्या गावाला कोणता फोन घ्यावा हे सांगणाऱ्या या माणसाला स्वतःच्या फोनवर आलेला फोन उचलायला पोरगी लागायची. हिरवं बटण सरकवायचं की दाबायचं, हा घोळ त्याने कधी मिटवलाच नाही.

मग चंद्रपूरच्या शिरीन मॅडमचा फोन आला. शिरीनचं लग्नाचे अल्बम बनवायचं मोठं काम. जिल्हाभरातले फोटोवाले फोटो काढून तिच्याकडे पाठवतात, ती त्यांचे रंग सुधारून, पानं लावून अल्बम छापून देते. तिला रंग सुधारणारं माणूस पाहिजे होतं. रश्मीला तिने कोर्समध्ये पाहिलेलं.

"एक अल्बम पाठवते," शिरीन म्हणाली. "ट्रायल समज. रंग बरोबर आले तर घरूनच काम कर, सीझनभर देते. नाही आले, तर इथं चंद्रपूरला येऊन माझ्या स्टुडिओत बस. मी शिकवीन. राहायला मुलींसोबत खोली आहे."

रश्मीला दोन्ही वाटा चालण्यासारख्या होत्या. देवाजीला एकच. पोरगी चंद्रपूरला गेली तर घरात फोन कोण उचलणार? हे तो असं बोलला नाही, अर्थातच. तो म्हणाला, "चंद्रपूरचं पानी चांगलं नाई. दात पिवळे होतेत." गडचांदूरच्या पाण्यावर वाढलेले स्वतःचे दात त्याने या वेळी तोंड मिटून झाकले होते.

पण ट्रायल नीट जायची तर मॉनिटर पाहिजे. रश्मीचा मॉनिटर बंद पडलेल्या एका नेट कॅफेतून आणलेला. चौकोनी, पाठीला पोक असल्यासारखा वाकलेला, आणि त्यात तपकिरी नि लाल रंगांचं एवढं सख्य की कत्था आणि कुंकू एकच दिसायचं. हाही देवाजीनेच निवडलेला. "मजबूत हाय," असं म्हणून.

"बाबा, नवीन घ्यावा लागन," रश्मी म्हणाली. "महागाचा नको. पन रंग खरे दाखवनारा पाहिजे."

देवाजीच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, जणू सगळा देश त्याच्या सल्ल्यासाठी थांबला होता. "तू चिंता करू नको. मी पाहातो."

आणि तो पाहायला लागला. तालुक्यात ज्याच्या घरी टीव्ही होता त्याच्या घरी जाऊन पाहून आला. शेजारी राहणाऱ्या वामनराव मास्तरांच्या घरी तर रोज. वामनराव निवृत्त शिक्षक. त्यांना कंप्युटरबद्दल एवढंच माहीत होतं की तो शाळेत एका कुलूपबंद खोलीत असतो. तरी दोघांनी मिळून ठरवलं की मॉनिटरमध्ये तीन गोष्टी पाहायच्या: आकार, वजन आणि चमक.

राजुऱ्याला बसस्टँडच्या अंगाला अल्ताफचं दुकान आहे. बापलेक तिथे पोहोचले तेव्हा अल्ताफने भिंतीवर चार मॉनिटर ओळीने लावून ठेवलेले. चारींवर एकच व्हिडिओ: मोर पिसारा फुलवतो, कलिंगड कापलं जातं, धबधबा कोसळतो, पुन्हा मोर.

"या काका, जय भीम. या ताई, बसा."

"जय भीम. बसाले नाई आलो, पाहाले आलो." देवाजी सरळ सगळ्यात मोठ्या मॉनिटरपाशी गेला आणि त्याने तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला. "हलका हाय."

"काका, मॉनिटर हाय, वरवंटा थोडीच हाय."

"हलक्या वस्तूत काय राह्यते?" देवाजीने दुसरा उचलला, तो जरा जड निघाला, तसा तो खूश झाला. मग बोटाने मागे टकटक. मग नाक जवळ नेऊन वास. मॉनिटरचा वास घेऊन त्याला काय कळलं, हे त्याचं त्यालाच माहीत. "हा द्या. याचा मोर चांगला हाय."

"मोर तर चारींवर तोच हाय, काका."

"याचा जास्त हिरवा हाय."

रश्मीने तोवर पिशवीतून पेनड्राइव्ह काढला होता. "अल्ताफभाऊ, हा मोर बंद करा. माह्यापाशी एक फोटो हाय, तो लावा चारींवर." फोटो होता एका लग्नाचा, नवरी पांढऱ्या साडीत. बौद्ध लग्न. पांढऱ्या रंगापुढे कोणत्याच मॉनिटरला लबाडी करता येत नाही, हे तिला कोर्समध्ये शिकवलं होतं.

मोर गेला आणि चारींवर नवरी आली. लगेच फरक दिसला. देवाजीच्या लाडक्या मॉनिटरवर साडीच्या निऱ्या गायबच झाल्या. सगळी साडी म्हणजे एक पांढरा ढग. दुसऱ्यासमोर रश्मी जरा खाली वाकली, तर नवरीचं तोंड काळंठिक्कर. उभी राहिली तर पांढरंफटक.

"हा गेमवाल्या पोरांसाठी हाय," अल्ताफ म्हणाला. "हलनारं चित्र फटाफट दाखवते, पन रंगात कच्चा. आन तो मोठा हाय ना, त्याच्यात ठिपके या लहान मॉनिटरायएवढेच हायेत. जागा मोठी, ठिपके तेवढेच, म्हनून जवळून फाटकं दिसते. तुमाले पाहिजे हा." त्याने कोपऱ्यातल्या मध्यम आकाराच्या एकावर हात ठेवला. "आयपीएस पॅनल. कुठूनबी पाहा, नवरी नवरीच दिसते. आन या चारीत सगळ्यात महागही नाई."

रश्मीने बसून पाहिलं, उभं राहून पाहिलं, बाजूला जाऊन पाहिलं. साडीची प्रत्येक निरी वेगळी दिसत होती, नवरीच्या गालावरची पावडर कुठे संपते तेही दिसत होतं. "हाच."

"च्यक्," देवाजी म्हणाला.

"बाबा!"

"घे मंग. पन हा नाई." त्याने लावलेल्या मॉनिटरकडे तुच्छतेने पाहिलं. "याच्यावर लोकायच्या नजरा पडल्या हायेत. खोक्यातला द्या, बंद."

अल्ताफने गोदामातून बंद खोकं आणलं आणि जाता जाता सगळे दुकानदार म्हणतात तसं म्हणाला, "घरी लावून पाहा काका. आठवड्याभरात काही वाटलं तर बदलून देतो. फक्त माल जसाचा तसा पाहिजे."

जसाचा तसा. हे दोन शब्द देवाजीने बसमध्ये गडचांदूरपर्यंत मांडीवरच्या खोक्यासोबत जपून आणले.

घरी मॉनिटर लागला. रश्मीने काचेवरच्या झिल्लीचा कोपरा नखाने धरला, आणि देवाजी असा ओरडला की केसरबाई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली.

"काढू नको! जसाचा तसा म्हन्ला ना तो!"

"बाबा, झिल्लीतून रंग कसे दिसतीन?"

"दिसून तं राह्यले. आठ दिवस जाऊ दे. काही खराबी निघाली आन झिल्ली काढलेली असली तं परत घेनार हाय का थो? झिल्ली काढली का माल आपला, नाई काढली का दुकानदाराचा."

"आन अल्बम आठ दिवसांच्या आधी द्यायचा हाय!"

"मंग दे ना. तुले कोन अडवून राह्यलं?"

रश्मी वैतागली, पण थोडी. झिल्ली पातळ होती, आरपार दिसत होतं. थोडा निळसर भास होता, पण काही मिनिटं पाहिल्यावर डोळ्याला तोही जाणवेनासा झाला. डोळ्याची हीच खोड आहे, त्याला काहीही सवयीचं होतं. आणि बापाशी भांडून रोज जेवढा वेळ जायचा तेवढ्यात दहा फोटो व्हायचे. तिने झिल्ली राहू दिली आणि कामाला बसली. इथेच ती चुकली, पण या घरात वाढलेल्या पोरीकडून झिल्लीविरुद्ध केवढी लढाई व्हावी!

शिरीनने पाठवलेला अल्बम कोरपन्याकडच्या एका बौद्ध लग्नाचा होता. पांढऱ्या साडीतली नवरी, पांढऱ्या सदऱ्यातला नवरा, पांढऱ्या साड्यांतल्या बायांची रांग. रश्मीने पहिला फोटो उघडला तसं केसरबाईने खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"पोरीची साडी निळी काऊन दिसून राह्यली वो? बौद्धायच्या लग्नात निळी साडी कोनी नेसली?"

वामनरावांना मुद्दाम बोलावून आणलं गेलं. त्यांनी चष्मा पुसला, सोफ्याचा आवाज करत बसले आणि निर्णय दिला. "चेहरे आजारी दिसतात. सगळ्यांना थंडी वाजते आहे असं वाटतं."

"मॉनिटरच्या मेनूत जाऊन रंग बदलते," रश्मी म्हणाली आणि तिने खालच्या बटणाकडे हात नेला.

"सेटिंगले हात लावू नको!" देवाजी म्हणाला. "कंपनीची सेटिंग बदलली का वॉरंटी जाते." हे त्याला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. पण घरातल्या कूलरची गती त्याने याच कारणाने कधी बदलली नव्हती. तो भर मे महिन्यातही मधल्यावरच चालायचा. "बदलाचं असन तं फोटोत बदल. फोटो काही वॉरंटीत नाई."

म्हणून रश्मीने फोटो बदलले. साडी निळी दिसते तर त्यात जरा पिवळा रंग वाढव. चेहरे आजारी दिसतात तर जरा लाली आण. साडी स्क्रीनवर पांढरीशुभ्र दिसली की पुढचा फोटो. देवाजी मागे खुर्ची टाकून बसलेला, एकेका फोटोवर मान डोलवत. "आता कशी जिवंत दिसून राह्यली. मॉनिटर चांगला हाय."

शेवटच्या दिवशी रश्मीने सहज एक फोटो मोबाइलवर उघडून पाहिला आणि मोबाइल मॉनिटरशेजारी धरला. "बाबा, मोबाइलवर सगळे पिवळे दिसून राह्यले."

"मोबाइल जुना हाय, मॉनिटर नवा. कोनावर भरवसा ठेवशीन?"

मोबाइलच्या काचेवरही देवाजीने कधीतरी दोन गार्ड एकावर एक चिकटवले होते, त्यामुळे रश्मीलाही मोबाइलची खात्री वाटेना. वेळही संपत आली होती. तिने अल्बम पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. देवाजीने हिरवं बटण दाबून पाहिलं, सरकवून पाहिलं, शेवटी फोन रश्मीकडे दिला. रश्मीने स्पीकर लावला.

"रश्मी," शिरीनचा आवाज शांत होता, आणि तेच वाईट होतं. "हे लग्न बौद्ध पद्धतीचं आहे ना?"

"हो मॅडम."

"मग सगळ्या मंडपाला हळद कोणी लावली? नवरी पिवळी, नवरा पिवळा, साड्या पिवळ्या, भंतेजींच्या अंगावरच्या चीवराचं तर विचारूच नको. चौरंगावरची फुलंसुद्धा कावीळ झाल्यासारखी. तू काय दिव्याखाली बसून केलं का?"

शिरीन पुढे म्हणाली, "संध्याकाळपर्यंत बघते. सुधारून पाठवलं तर ठीक. नाहीतर हा अल्बम मी दुसऱ्याला देते, आणि तू सोमवारपासून स्टुडिओत ये. घरून जमणार नाही."

फोन बंद झाला. केसरबाई एकच वाक्य बोलली, नवऱ्याकडे पाहून. "लावा आता आनखी एक झिल्ली."

पण देवाजी हार मानणाऱ्यांतला नव्हता, कारण हार मानायला चूक दिसावी लागते. त्याला दिसली ती अल्ताफची चूक. "खराब माल देला त्यानं. म्हनूनच तं झिल्ली ठेवली मी! आता पाय, कसा बदलून देत नाई." रश्मीने कंप्युटरचा डबा पिशवीत घातला, फोटोंचा पेनड्राइव्ह घेतला आणि बसमध्ये बापापासून दोन सीट सोडून बसली. देवाजी सगळ्या रस्त्यात शेजारच्या माणसाला आपल्या दूरदृष्टीचं वर्णन करत होता. त्या माणसाला वास्तविक आधीच्या स्टॉपवर उतरायचं होतं, पण खोकं मांडीवर घेतलेल्या देवाजीला ओलांडून जाणं शक्य नव्हतं.

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. देवाजीला तेच पाहिजे होतं.

"अल्ताफ! हा मॉनिटर बदलून दे. सगळ्याले कावीळ दाखोते. आन पाय, झिल्ली जशीच्या तशी हाय."

अल्ताफने मॉनिटर टेबलावर ठेवला, चालू केला, आणि काचेकडे पाहत राहिला. मग रश्मीकडे पाहिलं. रश्मी जमिनीकडे पाहत होती. मग त्याने कोपरा धरला आणि झिल्ली एका झटक्यात काढली. चर्रर्र.

"अबे! अबे काऊन काढली!" देवाजीने पुढे झेप घेतली, जणू त्याचीच कातडी सोलली जात होती. "आता तुले परत घ्यावा लागन! हे सगळे साक्षी हायेत!"

अल्ताफने झिल्ली दोन बोटांत धरून त्याच्या छातीसमोर लावली. देवाजीचा पांढरा सदरा झिल्लीआडून स्पष्ट निळा दिसला. दुकानातली गिऱ्हाइकं पुढे सरकली. एकाने तर स्वतःचा हात झिल्लीमागे घालून पाहिला आणि "अरे वा" म्हणाला.

"काका, वाहतुकीत काच घासू नये म्हनून लावतेत हे. निळी राह्यते, म्हनजे कोनी इसरू नये काढाले," अल्ताफ म्हणाला. "याच्यातून काम केलं? सगळा अल्बम?"

देवाजीने सगळ्यांकडे एकवार पाहिलं. "मंग थे झिल्ली बनोनाऱ्याची चूक हाय. पांढरी काऊन नाई बनवत?"

रश्मीने अल्ताफला विचारलं, "भाऊ, इथीच बसू का? संध्याकाळपावतो द्याचा हाय."

अल्ताफने काउंटरवरचे चार्जर, केबल सगळं एका हाताने बाजूला सारलं. रश्मी स्टुलावर बसली. अल्बम उघडला. उघड्या काचेत ते पिवळं लग्न तिला पहिल्यांदा दिसलं. मग तिने घातलेला सगळा पिवळा रंग पुसून टाकला आणि पहिल्या फोटोपासून सुरुवात केली. देवाजी मागे उभा राहून म्हणाला, "थोडी लाली ठेव." रश्मीने वळून पाहिलं. पाहणं असं होतं की देवाजी बाहेर जाऊन चहाच्या टपरीवर बसला. तिथे त्याने टपरीवाल्याच्या नव्या गॅस शेगडीबद्दल च्यक् म्हटलं, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

दिवस मावळायच्या आत तिने अल्बम पाठवला. थोड्या वेळाने फोन आला. देवाजी टपरीवरून धावत आला. स्पीकर लावायला त्याने सांगितलं नव्हतं, तरी रश्मीने लावला.

"अगं, हे तर छान केलं," शिरीन म्हणाली. "आधी काय झालं होतं?"

रश्मीने झिल्लीचं सांगितलं. थोडक्यात सांगितलं, बापाचं नावही घेतलं नाही. पण शिरीन चंद्रपूरचीच होती, असे बाप तिनेही पाहिले होते. ती हसली, आणि मग हसता हसता थांबली.

"काढलीस तू, की दुसऱ्याने?"

"अल्ताफभाऊनं. दुकानात."

"हं. रंग तुला जमतात, रश्मी. काम पक्कं. पण घरून नको. उद्या स्क्रीनवर अजून काही चिकटेल, परवा कोणी सेटिंग बंद करेल, आणि तू गप्प बसशील. माझी छपाई वाया जाईल. इथं ये."

"तिले घरीच जमन, मॅडम!" देवाजी फोनवर वाकून ओरडला. "मी झिल्ली काढली आता! पुरी काढली!"

"काढली अल्ताफनं," दुकानातलं कोणीतरी म्हणालं.

"येते मॅडम," रश्मी म्हणाली. "सोमवारी येते."

देवाजीला वाटलं होतं की ती विचारून सांगते म्हणेल, त्याच्याकडे पाहेल, मग तो पाण्याचं, दातांचं, बसच्या गर्दीचं सगळं काढेल. तिने यातलं काहीच केलं नाही. तिने पेनड्राइव्ह काढून घेतला आणि मॉनिटर खोक्यात ठेवायला घेतला.

सोमवारी ती गेली. देवाजीने तिला बॅग कोणती घ्यावी यावर मोठं भाषण दिलं आणि तिने स्वतःची जुनीच बॅग घेतली. स्टुडिओत तिच्यासाठी मशीन होतं, त्यामुळे तिचा कंप्युटर घरीच राहिला. जायच्या आधी तिने मॉनिटरवर एक छोटा कॅमेरा बसवला आणि केसरबाईला शिकवून ठेवलं की रविवारी आवाज आला की कुठे दाबायचं. देवाजीला शिकवलं नाही. त्याला शिकवणं म्हणजे पुन्हा एकदा सरकवायचं की दाबायचं.

पहिल्या रविवारी आवाज आला. केसरबाईने दाबलं आणि रश्मी समोर आली. मागे दोन मुली कशावरून तरी हसत होत्या, आणि रश्मीही त्यांच्याकडे वळून हसत होती. केस कापले होते. गालावरचा तीळसुद्धा दिसत होता.

"बाबा, दिसते का बरोबर?"

देवाजी खुर्ची ओढून जवळ बसला. आधी डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून, मग वाकून खालून. कुठूनही पोरगी तशीच दिसत होती. "जेवतं का बरोबर?" त्याने विचारलं.

"हो बाबा. मस्त जेवते."

"पानी?"

"चांगलं हाय बाबा."

केसरबाई बोलत राहिली, त्याला मधे बोलायला जागा मिळेना. रश्मीने पुढच्या सीझनच्या कामांचं सांगितलं, शिरीन मॅडमचं सांगितलं, आणि पुन्हा मागच्या मुलींच्या कुठल्याशा बोलण्यावर खळखळून हसली. बोलणं संपलं, स्क्रीन काळी झाली.

देवाजीने केसरबाईकडून अल्ताफला फोन लावून घेतला.

"अल्ताफ, मी देवाजी निमगडे बोलून राह्यलो. गडचांदूर. थ्या मॉनिटरमंदी खराबी हाय."

"आता काय झालं काका? झिल्ली तं निघाली."

"रंग बरोबर नाई दाखवत. पोरगी दिसली आता त्याच्यात. चेहरा..." तो थांबला. वामनरावांनी सांगितलेला एखादा शब्द आठवतो का ते पाहिलं. "चेहरा लय खूश दाखोते. इथी एवढे वर्स माह्यासमोर होती, मी कधी असा पाह्यला नाई."

पलीकडे दुकानातला मोर पुन्हा सुरू झालेला ऐकू येत होता.

"काका," अल्ताफ म्हणाला, "मॉनिटर बरोबर हाय."

"च्यक्," देवाजी म्हणाला, आणि लाल बटण दाबायचं की सरकवायचं हे विचारायला त्याने केसरबाईला हाक मारली.